नाट्यगृह आणि सभागृह : सोफा कुठून येणार?

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी ८०० खुर्च्यांचं नाट्यगृह डिझाइन केलं होतं. दुमजली लॉबी, दर्शनी भिंतीवर मोरपिसाऱ्यावरून सुचलेल्या झडपा, रेंडरमध्ये, म्हणजे इमारतीच्या रंगीत चित्रात, संध्याकाळचं जांभळं आभाळ. ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांत, एक वयस्कर नेपथ्यकार होते. त्यांनी झडपांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. प्लॅनवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "सोफा कुठून येणार?"

मी लॉबीचं दार दाखवलं.

"म्हणजे खुर्च्यांच्या रांगांमधून, डोक्यावर घेऊन?"

मी गप्प.

"मग हे सभागृह आहे, बाळा. बक्षीस समारंभाला छान आहे."

आता मी स्वतः अधूनमधून ज्युरीला बसतो आणि दर वर्षी तेच बघतो. शीटवर मोठ्या अक्षरात 'नाट्यगृह' आणि खाली काढलेलं असतं सभागृह. 'सांस्कृतिक केंद्र' असा विषय दिला की हमखास. मुलांचा दोष अर्धाच, कारण आपल्याकडे बोलताना दोन्हीला सरसकट 'हॉल' किंवा 'ऑडी' म्हणतात. पण इमारत म्हणून या दोन वेगळ्या जाती आहेत.

सभागृह तुम्हाला येतं. जमिनीचा उतार, सी-व्हॅल्यू (पुढच्याच्या डोक्यावरून नजर जायला सोडायची उंची) १२ सेंटिमीटर, रांगांमधलं अंतर, बाहेर पडायचे दरवाजे, प्रोजेक्टरची खोली, व्हीआयपींची खोली, खुर्च्यांच्या हिशेबाने स्वच्छतागृहं. दुसऱ्या वर्षीच हे घोटून घेतलेलं असतं. यातलं बहुतेक सगळं नाट्यगृहालाही लागतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. एकच फरक सांगून ठेवतो. भाषणाला आलेल्या माणसाला वक्त्याची भुवई दिसली नाही तरी चालतं, मोठा पडदा लावून भागतं. नाटकाला भुवई दिसावीच लागते. म्हणून शेवटची रांग रंगमंचापासून वीसेक मीटरवर थांबवायची. तिथे बसत नसतील तर खुर्च्या कमी करा किंवा बाल्कनी काढा. हॉल लांबवत नेऊ नका.

खरा घोळ पुढे आहे, म्हणजे मागे आहे. पडद्याच्या मागे.

सभागृहात सगळा कार्यक्रम प्रेक्षकांच्या खोलीतच घडतो. एका टोकाला चौथरा असतो, त्यावर पोडियम, पाच खुर्च्या, समई. माणसं चालत येतात, बोलतात, हार घेतात, उतरतात. चौथऱ्यामागे भिंत असली तरी काही अडत नाही. नाट्यगृहात प्रेक्षकांची खोली ही निम्मी इमारत. उरलेली निम्मी प्रेक्षकाला कधीच दिसत नाही आणि नाटक चालतं ते तिच्या जोरावर.

हे 'निम्मी' मी अंदाजाने म्हणत नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात मध्यम आकाराचा नाट्यमंडप ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितला आहे. त्याचे लांबीत दोन भाग करायचे, ३२ हात प्रेक्षकांना आणि ३२ हात मागे. मागच्या भागाचे पुन्हा दोन भाग, पुढे रंगपीठ आणि रंगशीर्ष, म्हणजे रंगमंच, त्यामागे नेपथ्यगृह. हात म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर धरला तर प्रेक्षकांची बाजू साडेचौदा मीटर खोल निघते, वरच्या वीस मीटरच्या आत. मंडप यापेक्षा मोठा केला तर शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव हरवतात, हेही तिथेच म्हटलं आहे. मुलं हे नाट्यशास्त्र कॉन्सेप्ट शीटवर सुलेखनात लिहितात, बाजूला नटराज काढतात आणि पुढच्या शीटवर रंगमंचामागे तीन मीटरची पट्टी सोडून साईटची हद्द आखतात. (नेपथ्य हा शब्दही पाहा. मुळात ती रंगभूषा-वेशभूषेची जागा. मराठीत आपण तो सेटला लावला. जागेची आठवण तेवढी गेली.)

त्या निम्म्यात काय असतं? आधी विंगा. समजा रंगमंचाचं तोंड, म्हणजे प्रोसिनियम, १० मीटर रुंद आहे. तर दोन्ही बाजूंना किमान पाच-पाच मीटर मोकळी जागा हवी. तिथे पुढच्या प्रवेशाचं सामान उभं राहतं, प्रवेशाची वाट पाहणारे नट उभे राहतात, प्रॉपर्टीचं, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तूंचं, टेबल असतं, प्रकाशाचे स्टँड असतात. विद्यार्थ्यांच्या प्लॅनमध्ये ही जागा दीड मीटर असते, कारण हॉलच्या बाजूच्या भिंती सरळ मागेपर्यंत ओढलेल्या असतात. प्रेक्षकांचा हॉल आणि रंगमंच एकाच रुंदीच्या खोक्यात दिसले की समजायचं, हे सभागृह आहे. नाट्यगृहाचा प्लॅन प्रोसिनियमपाशी बाजूंना फुगतो.

मग मागचा रस्ता. डावीकडून गेलेली बाई दोन वाक्यांनंतर उजवीकडून येणार असेल तर ती कुठून जाते? मागच्या पडद्याच्या पलीकडून, अंधारात, चपलांचा आवाज न करता. त्या वाटेत मी एसीची यंत्रं पाहिली आहेत, जिना पाहिला आहे, एकदा तर 'कलाकारांसाठी पँट्री' पाहिली आहे.

रंगपट, म्हणजे नटांची तयार व्हायची खोली, रंगमंचाच्याच पातळीवर हवा. वरच्या मजल्यावर 'खालचा व्ह्यू मिळतो' म्हणून नेलेला रंगपट बघितला की मला त्या नटीची दया येते. नऊवारीतून बाहेर येऊन तिला मिनिटभरात दुसऱ्या वेशात परत विंगेत उभं राहायचं असतं. व्ह्यू तिने कधी बघायचा? बाकी खोल्या वर गेल्या तरी चालतील, पण घाईत कपडे बदलायला विंगेलगत एक आडोसा हवाच.

आणि दार. आमच्या नेपथ्यकारांचा सोफा.

आपली व्यावसायिक रंगभूमी दौऱ्यावर जगते. सेट कोणत्याही नाट्यगृहात मुक्कामाला नसतो, तो टेम्पोतून येतो आणि त्याच रात्री टेम्पोतून जातो. एका दिवसात दुपारी एक नाटक, संध्याकाळी दुसरं, रात्री तिसरं, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये दीड-दोन तास. तेवढ्यात एकाचे फ्लॅट (सेटच्या सुट्या भिंती), लेव्हल (चौथरे), दारं-खिडक्या, सोफा, जिना बाहेर जाणार, दुसऱ्याचे आत येणार, लागणार, आणि प्रकाशयोजना बसणार. म्हणजे टेम्पो थेट रंगमंचाला लागला पाहिजे. वळण नको, पायऱ्या नकोत, लिफ्ट तर अजिबात नको. फ्लॅट चार मीटर उंच असेल तर दार त्याहून उंच हवं. आणि दोन टेम्पो एका वेळी उभे राहायला अंगण हवं, एक भरतोय, एक रिकामा होतोय.

यात एक सोपी युक्ती आहे. रंगमंच पहिल्या रांगेच्या जमिनीपासून साधारण मीटरभर उंच असतो. ट्रकचा किंवा मोठ्या टेम्पोचा हौदाही रस्त्यापासून जवळपास तेवढाच. म्हणून मागचं अंगण पहिल्या रांगेच्या पातळीला ठेवलं की हौदा आणि रंगमंच एका रेषेत येतात आणि सामान उचलायचं नाही, सरकवायचं. फक्त मोठ्या दाराच्या आत एक आडवी खोली सोडा, नाहीतर शोकप्रसंगात बाहेरचा हॉर्न ऐकू येईल आणि ब्लॅकआउटमध्ये दाराच्या फटीतून रस्त्यावरचा दिवा.

केस स्टडीला पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात सगळे जातात. १९६८ची इमारत, पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी मोजलेली. फोटो मात्र लॉबीचे, पायऱ्यांचे आणि मध्यंतराच्या बटाटेवड्याचे. माझं म्हणणं एवढंच, कुठल्याही नाट्यगृहात जा, पण प्रयोग संपल्यावर मागच्या बाजूला थांबा. रंगमंच कामगार सेट कसा उतरवतात ते एकदा घड्याळ लावून पाहिलं की बबल डायग्राम, म्हणजे कुठली जागा कशाला लागून ते दाखवणारं पहिलं रेखाटन, आपोआप बदलतो.

आता उंची. इथे माझं मत जरा वेगळं आहे. पुस्तकात स्टेज टॉवर किंवा फ्लाय टॉवर, म्हणजे रंगमंचावरची उंच पोकळी, प्रोसिनियमच्या उंचीच्या अडीच ते तीन पट सांगतात. तोंड सहा मीटर उंच असेल तर पडदे टांगायची वरची जाळी पंधरा ते अठरा मीटरवर. रंगवलेला पडदा अख्खा वर जाऊन दिसेनासा व्हायचा असेल तर हिशेब बरोबर आहे. ऑपेरा-बॅलेला तो लागतोच. मराठी नाटक मात्र बहुतांशी बॉक्स सेटवर, म्हणजे तीन भिंतींच्या उभ्या खोलीत, चालतं आणि सेट बाजूने येतो, वरून नाही. जागा आणि पैसा मर्यादित असेल तर मी टॉवरचे काही मीटर कापून विंगा रुंद करीन. पण कापणं वेगळं आणि विसरणं वेगळं. हॉलच्या फॉल्स सीलिंगचीच रेघ सेक्शनमध्ये (इमारतीच्या उभ्या छेदात) रंगमंचावरून सरळ पुढे नेलेली दिसली की कळतं, हा विषय डोक्यातच आलेला नाही. दिव्यांचे बार, झालरी, विंगांचे पडदे, सायक्लोरामा (मागचा आभाळाचा पडदा), हे सगळं कशाला टांगणार? आणि बार खाली-वर करणारा माणूस कुठे उभा राहणार?

'टॉवरमुळे एलेव्हेशन (इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप) बिघडतं' असं म्हणणाऱ्यांना सिडनी ऑपेरा हाउसची आठवण करून द्यावीशी वाटते. तिचे आर्किटेक्ट योर्न उत्झन यांनी ती उंच कवचं हवेत उगाच उभारली नव्हती, स्टेज टॉवर त्यांच्या पोटात जाणार होते. पुढे काय झालं तेही माहीत असू द्या, कारण ती 'बहुउद्देशीय'ची गोष्ट आहे. मोठा हॉल मूळ बेतात ऑपेरा आणि वाद्यवृंद दोन्हींसाठी होता. १९६६ला उत्झन बाहेर पडले. त्यानंतर मोठा हॉल फक्त वाद्यवृंदासाठी ठेवायचं ठरलं आणि तिथे बसवलेली रंगमंचाची यंत्रणा काढून टाकली. ऑपेरा गेला शेजारच्या लहान हॉलमध्ये, जिथे विंगा अपुऱ्या आणि वादकांचा खड्डा अडचणीचा. १९७३ला इमारत उघडली आणि ऑपेराच्या नावाच्या घरात ऑपेराच दाटीवाटीने राहू लागला.

दोन्ही एकाच हॉलमध्ये जमत नाही याचं कारण आवाजाचं गणित. नाटकाला शब्द हवा, म्हणून घुमणं एका सेकंदाच्या आसपास संपायला हवं. वाद्यवृंदाला दोन सेकंद हवेत, नाहीतर सूर कोरडे वाटतात. ध्वनिशास्त्रज्ञ सबाइनच्या सूत्रानुसार घुमण्याचा काळ हॉलच्या घनफळाबरोबर वाढतो. नाटकाला दर खुर्चीला चार-पाच घनमीटर पुरतात, वाद्यवृंदाला आठ-दहा लागतात. एकाच छताखाली दोन्ही जमवायची तर सरकतं छत, जाड पडदे, वेगळं घनफळ असा खर्चिक खटाटोप करावा लागतो. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राने म्हणूनच वेगवेगळी दालनं बांधली. १९८०चं, आर्किटेक्ट फिलिप जॉन्सन यांचं टाटा थिएटर पंख्यासारखं, भारतीय संगीत डोळ्यांसमोर ठेवून केलेलं. एक्सपेरिमेंटल थिएटर हा निव्वळ काळा डबा. आणि नेपथ्याचा पसारा सामावणारं प्रोसिनियम हवं तर १९९९चं जमशेद भाभा थिएटर. शीटवर 'बहुउद्देशीय सभागृह, ८०० आसने' असं वाचलं की माझं पेन आपोआप लाल होतं. कुठले उद्देश? कुठल्या रात्री? कुणाच्या खर्चाने?

इथे कुणीतरी छबिलदास काढतंच. दादरच्या शाळेचा साधा हॉल, ना विंगा ना टॉवर, तरी १९७०च्या दशकात प्रायोगिक रंगभूमी तिथे उभी राहिली. बरोबर आहे. पण तिथली नाटकं त्या खोलीसाठी घडवलेली होती, सोफा-कपाटाचा संसार घेऊन आलेली नव्हती. जुहूचं पृथ्वी थिएटर, १९७८चं, आर्किटेक्ट वेद सेगन यांचं, दोनशेच्या आसपास खुर्च्यांचं. तिथे प्रेक्षक तीन बाजूंनी रंगमंचाला भिडून बसतात, म्हणून पुढे पडदा नाही. या जातीचं काढायचं असेल तर खुशाल काढा, मला तीच जास्त आवडते. लहान खोली, काळ्या भिंती, वर दिव्यांची जाळी, हलवता येतील अशा खुर्च्या. तिसऱ्या वर्षाच्या साईटवर ती बसतेही नीट. फक्त १५० खुर्च्यांची ही खोली ८००ची केली की ती पुन्हा सभागृह होते.

बाकी फरक किरकोळ. नाट्यगृहाला बुकिंगची खिडकी रस्त्याकडे हवी, सभागृहाला कमानीची आणि रांगोळीची जागा. नाट्यगृहात खुर्च्यांना मधली वाट नसलेली बरी, कारण सर्वांत चांगली जागा वाटेला का द्यायची? सभागृहात मधली वाट लागते, पाहुणे मिरवत येतात.

माझ्या त्या डिझाइनचं पुढे काय झालं? दुसऱ्या ज्युरीच्या आदल्या रात्री मी इमारत साईटवर नऊ मीटर पुढे सरकवली. दुमजली लॉबी एकमजली झाली, पार्किंगमधल्या चौदा गाड्या गेल्या, मोरपिसारा गेला. मागे अंगण आलं, पाच मीटर उंच दार आलं, आणि प्लॅनमध्ये दाराच्या आत मी एक छोटा आयत काढून त्यावर 'सोफा' लिहिलं.