आधी नाही म्हणाल्या, मग मानलं: पंडिता रमाबाईंच्या आज्ञापालनाची पार्श्वभूमी

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एखाद्या पोराने किंवा पोरीने त्रैक्याबद्दल (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव), नरकाबद्दल नाहीतर वैऱ्यावर प्रीती करण्याबद्दल अवघड प्रश्न विचारला की बरेचदा उत्तर येतं, विश्वास ठेव, आज्ञा पाळ, पंडिता रमाबाई बघ, सगळं प्रभूवर टाकलं आणि पुण्याजवळ केडगावला मुक्ती, म्हणजे निराधार बायका-मुलींचा आश्रम, उभी राहिली. उदाहरण खरंच आहे पण अर्धं आहे. त्या तिथवर कशा पोचल्या हे कोणी सांगत नाही, आणि त्या वाटेवर तब्बल आठ वर्षं चर्चची बरीच शिकवण मानायला त्या सरळ नाही म्हणत होत्या, तेही बाप्तिस्मा झाल्यानंतर.

थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म 1858 चा, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आणि अख्खं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. शास्त्रात सांगितलेली व्रतं, उपास, दानं सगळं काटेकोर पाळलं, जवळचं होतं ते संपलं, आणि 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण एकामागून एक गेले. म्हणजे धर्म सांगतो ते निमूट पाळणं काय असतं हे त्यांना कुठल्याही पाळकाने शिकवायची गरज नव्हती, त्यांनी ते उपाशी पोटी पाळलं होतं. पुढे कलकत्त्याला पंडिता आणि सरस्वती या पदव्या, लग्न, 1882 मध्ये नवऱ्याचं निधन, पदरात लहानगी मनोरमा, मग पुणे, आर्य महिला समाज, आणि 1883 मध्ये डॉक्टरकी शिकायची म्हणून इंग्लंड. कानाला कमी ऐकू येत असल्याने डॉक्टरकीचं राहिलंच.

त्या उतरल्या इंग्लंडातल्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या सिस्टरांच्या, म्हणजे जोगिणींच्या, आश्रमात. ही जागा कसली होती हे समजल्याशिवाय पुढची भांडणं कळत नाहीत. 1833 पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ सुरू झाली होती, चर्च ऑफ इंग्लंडला जुन्या काळची शिस्त, संस्कार, बिशपांचा अधिकार परत मिळवून द्यायचा अशी, आणि वाँटेजचा आश्रम 1848 मध्ये त्याच वातावरणात निघाला. तिथे आज्ञा पाळणं हे व्रतच होतं. चर्चने शिकवलं ते आधी स्वीकारायचं, समज हळूहळू येते, हा विचार त्यांचा एकट्यांचा नव्हता, प्राचीन चर्चचे आचार्य ऑगस्टीन यांच्यापासून चालत आलेला होता, आणि त्यात तथ्य नाही असं मी अजिबात म्हणणार नाही.

29 सप्टेंबर 1883 ला रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडं आधी त्यांच्यासोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती, तो धक्का केवढा असेल. ख्रिस्ताकडे त्या का ओढल्या गेल्या हे त्यांनी 1907 मधल्या आपल्या साक्षीत लिहिलंय. लंडनजवळ फुलहॅमला सिस्टरांचं काम होतं, समाजाने टाकून दिलेल्या बायकांसाठी, तिथे या बायकांना माणसासारखं वागवतात हे त्यांनी पाहिलं आणि विचारलं की तुम्ही हे का करता, तर एका सिस्टरने योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली, हलकी मानलेल्या शोमरोनी बाईशी येशू आपणहून बोलतो ती गोष्ट वाचून दाखवली. नेहेम्या गोरे म्हणजे ख्रिस्ती झालेले काशीचे पंडित नीलकंठशास्त्री गोरे, त्यांच्या पत्रांचाही मोठा वाटा होता. पण मन वळवलं ते त्या कामाने.

आणि मग शिकवणीचा प्रश्न आला. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा एक विश्वासमताचा पाठ होता, वर्षातले 13 सणवार तो म्हणायचा असा नियम, त्यात त्रैक्याची बारीक मांडणी, आणि हे जसंच्या तसं मानणार नाही त्याचा कायमचा नाश असं स्पष्ट लिहिलेलं. रमाबाईंना हे पचेना, आणि त्या एकट्या नव्हत्या, त्या यायच्या दहा वर्षं आधी 1872-73 मध्ये याच पाठावरून अख्ख्या इंग्लंडात रान उठलं होतं, एका बाजूला तो काढा म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला हात लावाल तर आम्ही पदं सोडतो म्हणणारे मोठे विद्वान. अमेरिकेतल्या त्यांच्याच भगिनी चर्चने तर 1789 मध्येच तो वगळला होता. ज्या गोष्टीवर खुद्द इंग्रज बिशप एकमत होऊ शकत नव्हते ती एका नव्या मराठी विश्वासणारीने गुमान मानावी अशी अपेक्षा होती, हे माझ्या मते अन्यायाचंच होतं.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या आध्यात्मिक आई, त्यांना हा सगळा अहंकार वाटला. रमाबाई तेव्हा चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत आणि शिकवत होत्या, तिथून वाँटेजला पत्रांवर पत्रं. वाद फक्त त्रैक्याचा नव्हता. त्या अंडं घातलेलं पुडिंग खात नाहीत, जुने सोवळ्याचे संस्कार सोडत नाहीत, ही तक्रार, त्यावर रमाबाईंचं उत्तर असं की हो, माझा अभिमान तुम्ही पुडिंगात आणि भातात शोधा खुशाल, मला त्याची लाज नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, माझी संस्कृत काय कमी पवित्र आहे, हाही प्रश्न. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली तेव्हा तर त्या चिडल्याच. मे 1885 च्या पत्रात त्यांनी लिहिलं त्याचा सार असा, की भटाब्राह्मणांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता पाद्री आणि बिशप यांच्या तोंडून पडेल तो प्रत्येक शब्द देवाची आज्ञा म्हणून मानायला मी तयार नाही. ख्रिस्ताची आज्ञा वेगळी आणि माणसांची वेगळी, ही रेघ त्यांनी तिथे मारली आणि ती शेवटपर्यंत पुसली नाही.

जेराल्डिनबाईंना खलनायिका करू नये. काळजीपोटीच लिहीत होत्या त्या, आणि इतक्या वादानंतरही नातं तुटलं नाही.

1886 ला अमेरिका, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन ही हिंदू विधवा आणि मुलींसाठीची शाळा, नंतर ती पुण्याला. इथे लोक एक गोष्ट विसरतात, की 1891 च्या सुमाराला रमाबाई स्वतःच म्हणाल्या, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. आठ वर्षांपूर्वी ज्या शिकवणीवर त्या अडल्या होत्या त्यातलं बरंचसं त्यांनी यानंतर मनापासून मानलं, कोणी मागे लागलं म्हणून नाही तर स्वतःची गरज कळली म्हणून. पुढे 1893 मध्ये सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ झालं, रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पंचवीसेक मुली पालकांनी काढून नेल्या, तरी स्वतःच्या प्रार्थनेचं दार बंद करायला त्या तयार झाल्या नाहीत.

आणि खरी अवघड आज्ञा तर पुढेच होती. 1896-97 चा दुष्काळ, मध्य प्रांतात लोक मरत होते. जिने स्वतःची आई भुकेने जाताना पाहिली तिला परत तेच बघायला जाणं काय असेल. पैसे नव्हते, सदनाला अमेरिकन मंडळाने दिलेली दहा वर्षांच्या मदतीची हमी संपत आलेली, आणि उद्याची चिंता करू नका हे मत्तयातलं वचन समोर. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरने कोणापुढे हात न पसरता अनाथाश्रम चालवला हे त्यांनी वाचलं होतं. त्या गेल्या आणि शेकडो मुली आणल्या, पुण्यात प्लेगमुळे सरकारने ठेवू दिल्या नाहीत म्हणून केडगावच्या माळरानावर आणल्या, 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हे आज्ञापालन कोणी त्यांच्याकडून करून घेतलं नाही.

मुक्ती त्यांनी कुठल्याही एका चर्चच्या ताब्यात दिली नाही. प्रश्न विचारणंही थांबलं नाही, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल असं मराठी बायबल त्या करत बसल्या, ते त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर आलं.

वाँटेजची ती पत्रं जपली आणि संकलित केली ती जेराल्डिनबाईंनीच, स्वतःला दिलेली खरमरीत उत्तरंसुद्धा त्यात ठेवली, आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती छापली. आपल्या तरुण संघांत रमाबाईंची साक्ष वाचतात तशी ही पत्रंही वाचायला हवीत, मूळ इंग्रजी आहे, पण कोणीतरी बसून मराठीत सांगितली तर दोन-तीन रविवारांत सहज होतील.