निर्यातीसाठी द्राक्षबागेची नोंदणी: पात्रता, कागदपत्रे आणि किलोमागे पडणारा खर्च

युरोपीय संघाच्या देशांत द्राक्षे पाठवायची असतील, तर बागेची कृषी विभागाकडे नोंदणी करून ती ‘ग्रेपनेट’ या ऑनलाइन प्रणालीवर येणे बंधनकारक आहे. नोंदणीचे सरकारी शुल्क नाममात्र असल्यामुळे अनेक बागायतदार अर्जाकडे एक औपचारिकता म्हणून पाहतात. प्रत्यक्षात अर्जात बागेचे प्लॉट कसे पाडले जातात, उत्पादनाचा अंदाज काय लिहिला जातो आणि त्यानंतर फवारणीची वही कशी ठेवली जाते, यांवर अन्नसुरक्षेच्या मानकांचा किलोमागे पडणारा भार ठरतो. त्यामुळे या लेखात प्रक्रियेबरोबरच प्रत्येक टप्प्यावर पैसा कुठे जातो, हेही सांगितले आहे.

ही व्यवस्था का उभी राहिली, हे थोडक्यात लक्षात घेतले पाहिजे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश आढळले आणि त्यानंतर ‘अपेडा’ने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या प्राधिकरणाने, उर्वरित अंश नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या कार्यक्रमाचे तांत्रिक काम पाहते. २००६ मध्ये ग्रेपनेट आले आणि प्रत्येक पेटीचा माग बागेपर्यंत काढता येऊ लागला. तरीही २०१० मध्ये वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षे युरोपात अडकली, आणि त्याचा फटका निर्यातदारांइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बागायतदारांना बसला. ज्या रसायनासाठी युरोपीय संघाने स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सर्वसाधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. याचा अर्थ शंभर टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवारा किंवा नीट न धुतलेली ब्लोअरची (फवारणी यंत्राची) टाकीसुद्धा ही मर्यादा ओलांडायला पुरेशी ठरू शकते.

अर्ज द्राक्षबाग असलेला शेतकरी करू शकतो. त्यासाठी स्वतःकडे निर्यात परवाना असण्याची गरज नाही, कारण पुढचे काम निर्यातदार करतो. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या तरतुदी शेतकऱ्याला व त्याच्या शेतावरील पिकाला लागू होत नाहीत. मात्र माल हाताळणाऱ्या, पॅक करणाऱ्या आणि विकणाऱ्या व्यवसायाला त्या लागू होतात. म्हणून शेतकरी स्वतःच पॅकहाऊस चालवणार असेल, तर त्याच्या जबाबदाऱ्या वेगळ्या होतात. जमीन सामाईक खात्यात असेल किंवा बाग वाट्याने केली जात असेल, तर सहधारकांचे अथवा मालकाचे संमतीपत्र लागेल का, याची विचारणा कृषी सहायकाकडे आधीच करावी. ऐन काढणीच्या तोंडावर अशा कागदासाठी धावाधाव करण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

अर्ज विहित प्रपत्रात तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयामार्फत सादर होतो आणि जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी नोंदणी अधिकारी म्हणून काम पाहतात. सोबत सातबारा उतारा, चतुःसीमा दाखवणारा बागेचा नकाशा आणि प्लॉटनिहाय शुल्क द्यावे लागते. अर्जात जात, लागवडीचे अंतर, फळ छाटणीची तारीख आणि अपेक्षित उत्पादन नोंदवायचे असते. कृषी विभागाचा अधिकारी बागेची पाहणी करून तपासणी अहवाल देतो आणि मगच प्लॉटला नोंदणी क्रमांक व प्रमाणपत्र मिळते. जुन्या प्लॉटच्या नोंदणीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. मुदत प्रत्येक हंगामात जाहीर होते आणि ती साधारणपणे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या महिन्यांत येते.

उत्पादनाचा अंदाज हा रकाना घाईने भरू नये. त्या प्लॉटमधून निर्यात झालेला माल प्रणाली नोंदवलेल्या प्रमाणातून वजा करत जाते. अंदाज कमी लिहिला, तर चांगला माल वेलीवर असूनही त्याला निर्यातीची वाट बंद होऊ शकते. आणि तो फुगवून लिहिला, तर दुसऱ्या बागेचा माल त्या नावावर खपवण्याचा मोह पुढे कोणाला तरी होतो, ज्याची जबाबदारी शेवटी नोंदणीधारकावर येते.

आता प्लॉटचा मुद्दा, जो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उर्वरित अंशांची चाचणी किलोवर आकारली जात नाही. ती नमुन्यावर, म्हणजेच प्लॉटवर आकारली जाते. उदाहरणासाठी एका नमुन्याचा खर्च १०,००० रुपये धरू आणि एकरी ५ टन निर्यातक्षम माल निघतो असे मानू. अर्ध्या एकराच्या प्लॉटला हा खर्च किलोमागे ४ रुपये पडेल, एका एकराला २ रुपये आणि दोन एकरांना १ रुपया. मानक सर्वांना सारखे असले, तरी त्याचा भार लहान बागायतदारावर चौपट पडतो, आणि मदतीच्या योजना आखताना ही गोष्ट ठळकपणे विचारात घेतली गेली पाहिजे, असे मनापासून वाटते. मग सगळी बाग एकाच प्लॉटमध्ये का नोंदवू नये? कारण नमुना नापास झाला, तर त्या प्लॉटचा सगळाच माल अडकतो. म्हणून मार्गदर्शक सूचनांतील क्षेत्राच्या मर्यादेत राहून, ज्या भागाची जात एक, छाटणीची तारीख एक आणि फवारणी एक, तेवढाच भाग एका प्लॉटमध्ये घ्यावा. ज्या कडेला शेजारी भाजीपाला किंवा स्थानिक बाजारासाठीची बाग आहे आणि तिथली फवारणी आपल्या हातात नाही, तो भाग वेगळा ठेवण्याचा विचार जरूर करावा. तिथे जास्तीच्या चाचणीचा खर्च हा विम्याच्या हप्त्यासारखा समजावा.

दुसरा मोठा खर्च औषधांचा आहे. द्राक्षासाठी लेबल क्लेम असलेली (म्हणजे या पिकावर वापरण्यास अधिकृत मान्यता असलेली) औषधे, त्यांची मात्रा, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस) आणि अंशाची मर्यादा यांची यादी ‘परिशिष्ट ५’ म्हणून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रसिद्ध करते आणि ती वेळोवेळी बदलते. गेल्या हंगामाची यादी खिशात ठेवून या हंगामाची फवारणी करणे धोक्याचे आहे. क्लोरपायरीफॉसची युरोपीय मर्यादा नोव्हेंबर २०२० पासून किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमवर आली. केवडा (डाऊनी मिल्ड्यू) या बुरशीजन्य रोगावर वर्षानुवर्षे वापरले गेलेले मॅन्कोझेब हे स्वस्त बुरशीनाशक. त्याच्या मान्यतेचे नूतनीकरण युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये नाकारले. जुनी स्वस्त औषधे अशी हातातून सुटली, की त्यांची जागा महागडी नवी औषधे घेतात, आणि ती ठरावीक वेळाच मारता येत असल्याने फुलोऱ्यात अवकाळी पाऊस लागला, तर फवारणीचे गणित आणखी कठीण होते. याच कारणासाठी फवारणीची नोंदवही त्याच दिवशी भरावी: तारीख, औषधाचे तांत्रिक नाव, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि खरेदीची पावती. संजीवके (वाढ नियंत्रित करणारी रसायने) आणि ‘जैविक’ म्हणून विकली जाणारी, घटक न छापलेली उत्पादनेही त्यात लिहावीत. अशा एखाद्या बाटलीतून न सांगता मिसळलेले कीडनाशक बागेत आले, तर पावतीखेरीज शेतकऱ्याच्या हाती दुसरा पुरावा राहत नाही.

काढणी जवळ आली की निर्यातदार प्रणालीवरून अपेडाने प्राधिकृत केलेल्या प्रयोगशाळेकडे नमुन्याची मागणी करतो. नमुना प्रयोगशाळेचा प्रतिनिधीच बागेतून घेतो. शेतकऱ्याने स्वतः तोडून दिलेले घड चालत नाहीत. अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला, तर राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा अंतर्गत इशारा जारी करते आणि त्या प्लॉटची युरोपसाठी काढणी थांबते. नियमानुसार पुन्हा नमुना देऊन तो पास झाल्यास इशारा मागे घेतला जातो, पण दुसऱ्या चाचणीचे पैसे आणि मधले दिवस परत मिळत नाहीत. मणी मऊ पडतात, दर उतरतात आणि माल स्थानिक बाजारात किंवा बेदाण्याला जातो.

अहवाल पास झाल्यावर माल अपेडा मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो, तिथे ॲगमार्क प्रमाणपत्र आणि त्यानंतर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र मिळते. ही कामे निर्यातदाराची आहेत. ग्लोबल गॅप (चांगल्या शेती पद्धतींचे खासगी मानक) प्रमाणपत्र मात्र सरकारी नोंदणीचा भाग नाही. ते युरोपातील किरकोळ विक्री साखळ्या मागतात, आणि एकट्याने घेण्यापेक्षा गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत घेतल्यास त्याचा लेखापरीक्षणाचा खर्च सभासदांत वाटला जातो.

निर्यातदाराशी बोलणी करताना दराबरोबर तीन बाबी लेखी घ्याव्यात. पहिल्या नमुन्याचे पैसे कोण देणार, नमुना नापास झाला तर दुसऱ्याचे कोण देणार, आणि अहवाल पास झाल्यापासून किती दिवसांत काढणी होणार. अहवालाची प्रतही मागून घ्यावी, कारण पुढच्या वर्षी प्लॉट पाडताना कोणत्या भागात कोणता अंश मर्यादेच्या जवळ आला होता, हे त्याच कागदावर दिसते.