फोक रॉक : कहाणी सांगणाऱ्या गाण्याची विजेच्या वाद्यांशी पडलेली गाठ

मराठवाड्यात महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत किंवा गणेशोत्सवाच्या मंचावर संबळासोबत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम वाजू लागले की त्या सादरीकरणाला सर्रास 'फोक रॉक' म्हटले जाते. हे नाव १९६५ साली अमेरिकेत रूढ झाले आणि ते ज्या गाण्यांना मिळाले त्यांची घडण पाहिली, तर लोकगीताला जोरकस ठेका लावणे एवढ्यावर हा प्रकार उभा नाही, हे ध्यानात येते. त्यामागे गाणी जमवण्याचा निदान ऐंशी वर्षांचा इतिहास आहे.

फ्रान्सिस जेम्स चाइल्ड या अमेरिकी प्राध्यापकांनी इंग्लंड-स्कॉटलंडमधील ३०५ कथागीते त्यांच्या पाठभेदांसह संकलित केली. हे काम १८८२ ते १८९८ या काळात छापून झाले. पुढे इंग्रज लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प यांना १९१६ ते १९१८ दरम्यान अमेरिकेतील ॲपलाचियन डोंगररांगांत त्यांपैकी कित्येक गाणी लोकांच्या तोंडी जिवंत सापडली. १९३३पासून जॉन आणि ॲलन लोमॅक्स हे पितापुत्र ध्वनिमुद्रणाचे अवजड यंत्र मोटारीत घालून गावे आणि तुरुंग हिंडले. त्याच दशकात ओक्लाहोमाच्या वूडी गथ्री यांनी दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी गाव सोडावे लागलेल्या माणसांची गाणी रचली. ७२चा दुष्काळ पाहिलेल्या मराठवाड्याला त्या गाण्यांतली वेदना समजावून सांगावी लागणार नाही. हॅरी स्मिथ यांनी १९५२ साली जुन्या तबकड्यांमधून निवडलेल्या ८४ गाण्यांचा संच प्रसिद्ध झाला आणि शहरातील तरुण त्यावरून ही गाणी शिकू लागले. एक गळा, एक साधी गिटार आणि स्पष्ट ऐकू येणारे शब्द, ही त्यांच्या गायनाची रीत ठरली. रॉक अँड रोल त्यांना बाजारी वाटत असे.

ही भिंत १९६४ साली खचली. 'द हाउस ऑफ द रायझिंग सन' हे जुने लोकगीत इंग्लंडच्या 'ॲनिमल्स' या चमूने इलेक्ट्रिक गिटार आणि ऑर्गनवर गायले आणि ते अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच वर्षी लोकगीते गाणाऱ्या जिम मॅग्विन यांनी बीटल्सच्या चित्रपटात जॉर्ज हॅरिसनच्या हाती बारा तारांची रिकनबॅकर गिटार पाहिली आणि तसलेच वाद्य मिळवले.

या वाद्याकडे जरा जवळून पाहायला हवे, कारण फोक रॉकचा नाद बऱ्याच अंशी त्याचा आहे. बारा तारा सहा जोड्यांत असतात. खालच्या स्वरांच्या चार जोड्यांत एक तार दुसरीपेक्षा सप्तकभर उंच लावलेली असते, तर वरच्या दोन जोड्या एकाच स्वरात असतात. त्यामुळे एक सूर छेडला की त्याची उंच सावली सोबत उमटते. मॅग्विन तारा एकेक करून छेडत असल्याने सुरांची अखंड झालर तयार होई, आणि ध्वनिमुद्रणात आवाजाचे चढउतार दाबून समपातळीवर आणल्यामुळे ती अधिकच लांबत असे. आपल्याकडे तुणतुणे जे काम एका तारेवर करते, म्हणजे गळा थांबला तरी सूर तुटू न देणे, त्याच्याशी या झालरीचे नाते मला फार जवळचे वाटते.

मॅग्विन यांच्या 'बर्ड्स' या चमूने जानेवारी १९६५मध्ये साध्या गिटारवर गाणारे लोकगायक-गीतकार बॉब डिलन यांचे 'मिस्टर टँबरिन मॅन' ध्वनिमुद्रित केले. चार कडव्यांपैकी त्यांनी एकच ठेवले, चाल चार मात्रांच्या ठेक्यात बसवली आणि ध्रुपदाला अनेक गळ्यांची स्वरसंगती दिली. जूनमध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. त्यानंतर महिनाभरात, २५ जुलै १९६५ रोजी, अमेरिकेतील न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात खुद्द डिलन विजेची गिटार घेऊन उभे राहिले आणि श्रोत्यांतून हुर्यो झाली. ती नेमकी कशासाठी झाली यावर आजही वाद आहे. पण ज्येष्ठ लोकगायक पीट सीगर यांनी पुढे दिलेले कारण महत्त्वाचे आहे. त्यांचा राग विजेवर नव्हता. आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, यावर होता. फोक रॉक आणि रॉक यांच्यातील सीमारेषा या तक्रारीतच सापडते, असे माझे मत आहे. रॉकमध्ये शब्द गोंगाटात बुडाले तरी गाणे तगते. फोक रॉकमध्ये ते बुडाले की गाणेच संपते.

इंग्लंडमध्ये या प्रवाहाने वेगळे वळण घेतले. अमेरिकेतील बहुतेक फोक रॉक हे लोकगीताच्या धाटणीने नव्याने रचलेल्या गाण्यांचे होते. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या चमूने मात्र १९६९च्या 'लीज अँड लीफ' या ध्वनिमुद्रिकेत चाइल्ड यांच्या संग्रहातील कथागीतेच घेतली. त्यांच्या बास गिटारवादकाने लंडनच्या सेसिल शार्प हाउस या लोकसंगीताच्या संग्रहालयवजा केंद्रात बसून जुने पाठ धुंडाळले, आणि डेव्ह स्वॉरब्रिक यांनी गावाकडच्या नाचांच्या चाली व्हायोलिनला वीज जोडून वाजवल्या. मराठवाड्यातील तरुणांनी धडा घ्यायचा तर याच शाखेकडून घ्यावा, कारण येथेही मूळ संहिता शिल्लक आहे आणि ती गाणारी माणसेही आहेत.

तुळजापूर, माहूर आणि अंबाजोगाईच्या देवींचा गोंधळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. लग्नानंतर अंगणात चौक मांडून गोंधळ सुरू होतो, तेव्हा देवतांना आवाहन करताना संबळ असा कडाडतो की बोलणे ऐकू येत नाही. परंतु आख्यान लागले की तोच संबळ दबतो, तुणतुण्याचा सूर तेवढा उरतो, साथीदार मधेमधे प्रश्न विचारून कथा पुढे ढकलतो आणि प्रसंग भरात आला की काठ्या पुन्हा कातड्यावर तुटून पडतात. कथेसाठी वाद्याने माघार घेण्याची ही शिस्त न्यूपोर्टच्या कितीतरी आधीपासून आपल्या अंगणात आहे.

भारतात कोलकात्याच्या 'मोहिनेर घोडागुली'ने १९७५च्या सुमारास बंगालच्या भटक्या बाऊल गायकांच्या गाण्याचा धागा रॉकशी जोडला, आणि १९९० साली दिल्लीत सुरू झालेल्या 'इंडियन ओशन'ने लोकधुनांना मंचावर स्थिर जागा दिली. मराठीत अडचण येते ती लयीची. संगणकावर आखलेला ठेका आरंभापासून शेवटपर्यंत एकाच गतीने चालतो; गोंधळ्याची लय मात्र कथेबरोबर चढते, मध्येच ओसरते आणि पुन्हा चढते. त्या ठरीव ठेक्यावर आख्यान बसवले की साथीदाराचे प्रश्न गळतात, कारण प्रश्नोत्तराला मात्रा मोजून दिलेल्या नसतात, आणि मग उरतो तो फक्त 'उदो उदो'चा गजर. तालमीत ड्रमवाल्याने कानात वाजणारी ठरीव ठेक्याची टिकटिक काढून संबळ वाजवणाऱ्याच्या हाताकडे पाहत वाजवले, तर ते प्रश्न आपल्या जागी परत येतात.