हायड्रोफ्लोरिक ॲसिड: माल उतरवून घेण्याआधी वाचायचे पत्रक

ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि वागळे इस्टेटमधील स्टेनलेस स्टील फॅब्रिकेटर, काच कोरणारे कारखाने व धातूची सफाई करणारी छोटी युनिट यांच्यासाठी हे पत्रक आहे. कामावर सगळे या ॲसिडला एचएफ म्हणतात, म्हणून इथेही एचएफच.

एचएफ पुरवणारे म्हणून आमची एक अट आधीच सांगतो. २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (एचएफ उडाले की कातडीवर चोळायचे औषध) आणि चुन्याच्या दोन गोण्या जागेवर दिसल्याशिवाय आमची गाडी एचएफ उतरवत नाही. जेल 'मागवले आहे' हे उत्तर चालत नाही.

दुखत नाही, हाच धोका

हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक अंगावर उडाले की आग होते आणि माणूस नळाकडे धावतो. एचएफचे तसे नाही. पाण्यात त्याचे आयन कमी सुटतात, म्हणून पुस्तकात ते सौम्य आम्ल ठरते. पण त्यामुळेच त्याचे अखंड रेणू कातडीतून खोल उतरतात. आत गेलेले फ्लोराइड शरीरातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून टाकते. ५० टक्क्यांवरचे ॲसिड लगेच कळते. २० ते ५० टक्क्यांचे एक ते आठ तासांनी दुखू लागते. २० टक्क्यांखालचे तर २४ तासांपर्यंत गप्प राहू शकते. पिकलिंगच्या, म्हणजे ॲसिडात बुडवून स्टेनलेस स्टीलचा काळपटपणा काढण्याच्या, टाकीत एचएफ जेमतेम ३ टक्के असते, म्हणजे दुपारी ओले झालेले बोट रात्री घरी नखाखाली ठणकू लागते. वरून कातडी नीट दिसते, त्यामुळे भलताच उपचार होतो. तीव्र ॲसिड तळहाताएवढ्या भागावर पडले तरी रक्तातले कॅल्शियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

म्हणून उडाल्याचा नुसता संशय आला तरी उपचार करायचा, दुखण्याची वाट पाहायची नाही. कपडे, बूट, घड्याळ काढा आणि वाहत्या पाण्याखाली पाच मिनिटे धुवा. जेल हाताशी असेल तर धुण्यात जास्त वेळ घालवू नका. नसेल तर मिळेपर्यंत धूत राहा. हातमोजा घालून जेल चोळत राहा, दर १०-१५ मिनिटांनी नवे लावा, गाडीतही थांबू नका. हात भाजला असेल तर मोठ्या रबरी मोज्यात जेल भरून हात आत घालणे सर्वांत सोपे. सुन्न करणारे मलम लावू नका: दुखणे थांबले की उपचार लागू पडला हे कळते, ती खूणच मग नाहीशी होते. जेल डोळ्यात घालायचे नाही. डोळा फक्त पाण्याने धूत राहून डॉक्टरांकडे न्या. वाफ छातीत गेली असेल, तर माणूस बरा दिसला तरी रुग्णालयात देखरेखीखाली ठेवा.

जेल ऐनवेळी औषधाच्या दुकानात मिळेलच असे नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिचे अँप्यूल पाण्यात विरघळणाऱ्या ३० मिलि ल्युब्रिकंट जेलीत मिसळले की २.५ टक्के होते. एक ट्यूब कामगाराबरोबर घरी द्या. रुग्णालय आधीच ठरवा आणि 'एचएफ' हा शब्द उच्चारून तयारी विचारून ठेवा. ऐरोलीत नॅशनल बर्न्स सेंटर आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

बनते कसे, जाते कुठे

९७ टक्के किंवा अधिक शुद्ध फ्लोरस्पार (कॅल्शियम फ्लोराइडचे खनिज) आणि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड फिरत्या भट्टीत २०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात. हिशेबाने एक टन एचएफला दोन टनांच्या आसपास फ्लोरस्पार आणि अडीच टन सल्फ्युरिक लागते, आणि साडेतीन टनांजवळ कॅल्शियम सल्फेट उरते. निर्जल एचएफ १९.५ अंशांना उकळते, म्हणजे आपल्याकडे जवळजवळ वर्षभर तो वायूच. आम्ही तो विकत नाही, पाण्यातले द्रावणच देतो. देशोदेशी बहुतेक एचएफ शीतक वायू, टेफ्लॉनसारखी प्लास्टिके आणि ॲल्युमिनियम उद्योगाला लागणारे फ्लोराइड यांत खपते. फ्लोरस्पारमधल्या वाळूमुळे ॲसिडात थोडे फ्लोरोसिलिसिक ॲसिड येते. पिकलिंगला त्याने फरक पडत नाही. चिप किंवा प्रयोगशाळेच्या कामाला मात्र हा माल मागू नका.

पिकलिंगची टाकी

३०४ आणि ३१६ या स्टेनलेस स्टीलच्या जातींना नायट्रिक १५-२५ टक्के आणि एचएफ १-८ टक्के, आकारमानाने, ही रूढ मर्यादा. वेळ ५ ते ३० मिनिटे. रोजच्या वेल्डिंगच्या काळपटपणाला या मर्यादांची खालची बाजू पुरते. १००० लिटरच्या टाकीसाठी लिटरमागे १५० ग्रॅम नायट्रिक आणि ३० ग्रॅम एचएफ हवे असेल, तर ७५० लिटर पाणी, ६० टक्क्यांचे १८२ लिटर नायट्रिक आणि ४० टक्क्यांचे ६६ लिटर एचएफ लागते. पाणी आधी, मग नायट्रिक, एचएफ सर्वांत शेवटी आणि हळू. पाण्यात क्लोराइड जास्त असेल, तर चकाकी येते पण पुढे खड्डे पडतात.

टाकी मंदावली की बहुतेक ठिकाणी सरळ तापवतात किंवा अंदाजाने एचएफ ओततात. दोष बहुधा लोखंडाचा असतो: विरघळलेले लोह मोकळे फ्लोराइड बांधून घेते, नायट्रिक मात्र तसेच राहते. आधी लोह तपासा. लिटरमागे ५० ग्रॅमच्या आसपास गेले असेल तर टाकीतले द्रावण बदलणेच स्वस्त. माइल्ड स्टीलच्या हुकाने माल सोडणे हा लोह वाढवण्याचा खात्रीचा मार्ग. पिवळट-तपकिरी धूर दिसला की तो नायट्रोजन ऑक्साइडचा. त्याचा त्रास काही तासांनी होतो, म्हणून टाकीच्या कडेला शोषण हवेच. एचएफची वाफ हवेत ३० पीपीएम (दहा लाख भागांत ३० भाग) झाली की जिवावर बेतते.

टाकी पॉलिप्रॉपिलीनची घ्या. एफआरपीची (काचेचे धागे घातलेल्या प्लास्टिकची) असेल तर आतल्या थराला सिंथेटिक कापड हवे. राळ झिजून काचेचे धागे उघडे पडले की एचएफ तेच खात जाते आणि गळती बाहेरून दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. काचेचा बीकर, चिनी मातीचे भांडे, चामड्याचे मोजे, डॉक्टरी पातळ मोजे यांना इथे जागा नाही. जाड निओप्रीन मोजे घ्या. रोज घालण्याआधी हवा भरून पिळा, टाचणीएवढे भोकही पुरेसे असते.

सांडले तर, आणि टाकाऊ

वाळू टाकू नका. वाळू म्हणजे सिलिका. एचएफशी मिळून विषारी वायू सोडते. सिमेंटच्या फरशीलाही ते खाते, म्हणून कारबॉय (ॲसिडचा मोठा कॅन) प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. विझवलेला चुना कडेकडून आत पसरत या, थोडा थोडा, कारण तापते. ४० टक्क्यांच्या एका लिटरला सव्वा ते दीड किलो चुना, म्हणजे ३० लिटरच्या कारबॉयला ४०-४५ किलो. दोन गोण्यांचा हिशेब हाच. पण आख्खा कारबॉय फुटला तर तो तुमच्या माणसांचा उद्योग नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूला सगळ्यांना काढा आणि अग्निशमन दल बोलवा: १०१.

धुण्याच्या पाण्यात सोडा किंवा कॉस्टिक टाकून पीएच ७ आणणारे फसतात. पीएचचा कागद बरोबर दाखवतो, पण सोडियम फ्लोराइड पाण्यातच राहते. चुन्याने ते कॅल्शियम फ्लोराइड होऊन खाली बसते, तरी लिटरमागे ८ मिलिग्रॅम फ्लोराइड उरतेच, प्रत्यक्षात जास्त. सार्वजनिक गटाराची मर्यादा १५, नदी-नाल्याची २, म्हणून पुढे तुरटीचा टप्पा लागतो. टाकीतल्या वापरून झालेल्या द्रावणात क्रोम आणि निकेलही असते. ते घातक कचरा म्हणून नोंदवून महापे किंवा तळोज्याच्या अधिकृत सुविधेकडेच पाठवा.

रिकामा कारबॉय भंगारवाल्याला देऊ नका. भंगारातून तो पाणी भरायला कुणाच्या तरी घरी जातो. झाकण घट्ट लावून, लेबल न काढता आमच्याच गाडीने परत करा. पुढच्या बिलात अनामत वळती होते.