साहसपटांच्या संगीतामागचं शिकारीचं शिंग

झडपा, म्हणजे बोटांनी दाबून स्वर बदलायच्या कळा, नसलेल्या शिंगातून हवे ते सगळे स्वर निघत नाहीत. ओठांचा ताण कमीजास्त करून मिळतात ते मोजकेच: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, आणखी वर गेलं की गंधार. युरोपात शिकारी आणि सैन्यं काही शतकं एवढ्याच स्वरांत एकमेकांना इशारे देत होती. सावज दिसलं, घोडे सोडा, चाल करा. १८१८ साली झडपांचं पेटंट निघालं आणि पुढे हॉर्न (म्हणजे हेच शिंग) आणि ट्रम्पेट या पितळी वाद्यांवर सगळे स्वर सहज वाजू लागले. पण तोवर कानांना सवय लागून गेली होती. पितळी वाद्यावर पंचमाची मोठी उडी ऐकू आली की कुणीतरी मोहिमेवर निघालं आहे, असं वाटायचंच.

साहसपटांच्या संगीताचं बरंचसं भांडवल हेच आहे, असं मला वाटतं. चित्रपटाने ते आयतं उचललं, तेही ऑपेराच्या, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकाच्या, मार्फत. जर्मन संगीतकार रिशार्ड वाग्नरने व्यक्तीला, तलवारीला, शापालासुद्धा एकेक छोटी धून नेमून दिली होती. त्याची चार ऑपेरांची मालिका १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइटला पहिल्यांदा सलग सादर झाली, तेव्हा वादक रंगमंचाखालच्या खड्ड्यात होते, प्रेक्षकांना दिसतच नव्हते. त्यामुळे पात्र गप्प असतानाही ऑर्केस्ट्रा त्याच्या मनातलं सांगून टाकू शकत होता. अंधारं सभागृह, न दिसणारे वादक आणि समोर उजळलेली चौकट. चित्रपटगृहाची रचना जवळजवळ तयारच होती.

मूकपटांच्या काळात पियानो, ऑर्गन, मोठ्या चित्रपटगृहांत चक्क वाद्यवृंद असे, पण पाठलाग, वादळ, विरह अशा प्रसंगांसाठी बहुतेक वेळा ठरीव तुकडेच वाजवले जात. बोलपट आले आणि सुरुवातीला उलटाच प्रश्न पडला: पडद्यावर वादक दिसत नाही, मग संगीत येतं कुठून? ही शंका मोडून काढली ती १९३३ च्या ‘किंग काँग’ने. व्हिएन्नात जन्मलेल्या मॅक्स स्टाइनरने न्यूयॉर्कमधल्या सुरुवातीच्या प्रसंगांना संगीतच दिलं नाही. जहाज धुक्यात शिरतं, बेट जवळ येतं, तेव्हा कुठे वाद्यवृंद हळूच सुरू होतो. शहर कोरडं आणि बेट सुरांनी भरलेलं. शीर्षकानंतरचा हा एवढा संयम नंतरच्या कितीतरी संगीतकारांना जमलेला नाही. पुढचं कामही सोपं नव्हतं. काँग हा महाकाय वानर म्हणजे हातभर उंचीची बाहुली, एकेक चौकट हलवून चित्रित केलेली. तिला वजन आणि शेवटी दुःख दिलं ते बरंचसं ऑर्केस्ट्राने.

एरिक वोल्फगांग कोर्नगोल्डची कथा अधिक विलक्षण. व्हिएन्नातला हा बालप्रतिभावंत विशीतच ऑपेरासाठी गाजला होता. हॉलिवूडमध्ये त्याने ‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) केला. प्रक्षेपण-खोलीत रिळं लावायची आणि पडद्याकडे बघत पियानोवर सुचेल ते वाजवायचं, ही त्याची पद्धत. चित्रपट म्हणजे त्याच्या लेखी न गायलेला ऑपेराच. ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ला मात्र त्याने आधी नकार दिला होता, कारण त्यात मारामारीच फार. त्याच सुमारास ऑस्ट्रियातून वाईट बातम्या येऊ लागल्या आणि त्याने होकार दिला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला, तेव्हा ज्यू कोर्नगोल्ड कॅलिफोर्नियात रॉबिन हूडचं संगीत लिहीत होता. या चित्रपटाने आपला जीव वाचवला, असं तो नंतर म्हणत असे. तलवारबाजीच्या त्या दिलखुलास संगीतामागे ही पार्श्वभूमी आहे. ती कळल्यावर मला ते पूर्वीसारखं निव्वळ मजेचं वाटत नाही.

युद्धानंतर या शैलीचे दिवस फिरले. स्टुडिओंनी पगारी वाद्यवृंद मोडले, जॅझ आणि पॉप गाणी स्वस्त आणि ताजी वाटू लागली. कोर्नगोल्ड १९५७ मध्ये वारला तेव्हा त्याचं नाव मागे पडलं होतं. १९७२ मध्ये चार्ल्स गेरहार्टच्या संचालनाखाली त्याच्या चित्रपटसंगीताची एक ध्वनिमुद्रिका निघाली, निर्माता कोर्नगोल्डचाच मुलगा. ती चांगली चालली. लोकांना हे संगीत हवं होतं, फक्त कुणी देत नव्हतं.

पाच वर्षांनी जॉन विल्यम्सने ते दिलं. मार्च १९७७ मध्ये लंडनजवळच्या डेनममध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ‘स्टार वॉर्स’चं संगीत ध्वनिमुद्रित केलं. मुख्य धून आपल्या स्वरांत म्हणून बघा: मंद्र पंचम तीनदा, षड्ज, थेट मध्य पंचम, मग म-ग-रे अशा तीन पायऱ्या उतरून एकदम वरचा षड्ज आणि परत पंचम. पंचमावर आणि तार षड्जावर घेतलेल्या त्या दोन झेपा म्हणजे जुन्या शिंगाचेच इशारे. गोष्ट अंतराळयानांची आणि ओळख शिकारीच्या रानातली. अनोळखी ग्रह पाहून प्रेक्षक बावरले नाहीत, यात या ओळखीचा वाटा मोठा आहे.

त्याच चित्रपटात शेतावर राहणारा ल्यूक मावळत्या दोन सूर्यांकडे बघत उभा राहतो. संवाद नाही, हालचाल जवळजवळ नाही. विल्यम्सने इथे आधी वेगळं संगीत लिहिलं होतं, पण दिग्दर्शक जॉर्ज लुकासला, पुढे ल्यूकचा गुरू होणाऱ्या म्हाताऱ्या बेनची धून हवी होती. आता एकटा हॉर्न ती सुरू करतो आणि तंतुवाद्यं उचलून घेतात. मुलाला अजून काही ठाऊक नाही, पण त्याचं पुढे काय होणार हे हॉर्नला ठाऊक आहे. वाग्नरची युक्ती, शंभर वर्षांनी.

नंतर हान्स झिमरच्या प्रभावाखाली धुनेपेक्षा ठेक्याला आणि दणक्याला महत्त्व आलं. संगणकात साठवलेले वाद्यांचे आवाज आणि खरे वादक एकत्र मिसळले जाऊ लागले. छाती धडधडते हे खरं, पण घरी येताना गुणगुणायला फारसं काही उरत नाही. हॉवर्ड शोरने ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी डझनावारी धुना विणल्या, म्हणजे तो धागाही तुटलेला नाही.

आता असे चित्रपट सभागृहात दाखवतात आणि खाली जिवंत वाद्यवृंद वाजवतो, मूकपटांच्या दिवसांसारखा. संचालकासमोरच्या छोट्या पडद्यावरून रंगीत उभ्या रेघा सरकत जातात आणि रेघ कडेला टेकली की ठोका पडायला हवा. शेवटी दोन तास फुंकून ओठ थकलेले हॉर्नवादक मुख्य धून पुन्हा उचलतात, आणि एरवी नावं सुरू झाली की उठणारे प्रेक्षक जागेवर बसून राहतात.