वृक्षसंरक्षण आदेश (इंग्लंडमधील खेडी)

विशिष्ट झाड, वृक्षसमूह किंवा वनखंड तोडण्यास, छाटण्यास वा हेतुपुरस्सर इजा करण्यास स्थानिक नियोजन प्राधिकरणाच्या लेखी संमतीवाचून मनाई करणारा इंग्लंडमधील वैधानिक आदेश. गावच्या पॅरिश कौन्सिलला तो काढता येत नाही. ती नियोजन प्राधिकरण असलेल्या वरिष्ठ कौन्सिलकडे मागणी करू शकते. झाडाची मालकी आणि देखभालीचा भार मूळ मालकाकडेच राहतो.

या व्यवस्थेचा उगम १९३२ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यापर्यंत मागे नेता येतो. तथापि तिचे आजचे स्वरूप १९४७ च्या कायद्यापासून मानणे अधिक योग्य ठरेल. सध्या १९९० चा कायदा आणि २०१२ चे विनियम लागू आहेत. आदेश काढताच तात्पुरता अंमल सुरू होतो व सहा महिन्यांत तो कायम न केल्यास संपुष्टात येतो. सोबतच्या नकाशावर सुटे झाड काळ्या वर्तुळाने, क्षेत्र ठिपक्यांच्या रेषेने, समूह तुटक रेषेने आणि वनखंड अखंड रेषेने दाखवतात.

‘झाड’ म्हणजे काय, याची व्याख्या कायद्यात नाही आणि बराचसा न्यायालयीन वाद याच उणिवेतून उद्भवला आहे. केंट काउंटी कौन्सिल विरुद्ध बॅचलर (१९७६) या प्रकरणात लॉर्ड डेनिंग यांनी वनखंडापुरते सात-आठ इंचांहून अधिक व्यासाचेच झाड धरावे, असे मत व्यक्त केले. बुलक खटल्यात (१९८०) न्या. फिलिप्स यांनी ही मर्यादा स्वीकारली नाही; सामान्य व्यवहारात ज्याला झाड म्हटले जाईल ते झाड, अशी त्यांची भूमिका होती. पाम डेव्हलपमेंट्स प्रकरणात (२००९) न्या. क्रॅन्स्टन यांनी आकाराची अट पूर्णपणे बाजूला सारून रोपट्यांनाही संरक्षण मिळते असे ठरवले. वनखंड सतत नव्याने रुजत असतो, हे ध्यानात घेता हा शेवटचा निर्णयच कायद्याच्या हेतूशी अधिक सुसंगत वाटतो. नकाशावर आखलेल्या क्षेत्रातील सर्व झाडांसाठी काढलेल्या क्षेत्र-आदेशाची गोष्ट निराळी : त्यात आदेशाच्या दिवशी उभी असलेली झाडेच येतात, त्यामुळे वर्षे लोटल्यावर कोणते झाड जुने व कोणते नंतरचे, हे सिद्ध करणे जिकिरीचे होते.

पुष्कळ जुन्या खेड्यांचा गाभा ‘संवर्धन क्षेत्र’ म्हणून घोषित असतो. तेथे स्वतंत्र आदेश नसला तरी, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ७५ मिलिमीटरहून अधिक व्यास असलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी सहा आठवड्यांची सूचना द्यावी लागते. या सूचनेला कौन्सिल नकार देऊ शकत नाही. झाड राखायचे असल्यास तिला मुदतीत रीतसर आदेशच काढावा लागतो. मृत झाड काढण्यास संमती लागत नाही, मात्र तातडीचा धोका नसेल तर पाच कामकाजाचे दिवस आधी कळवावे लागते. बेकायदा तोडीस अमर्याद दंड होऊ शकतो, शिवाय बदली झाड लावावे लागते.

आदेशाचा निकष ‘परिसराची शोभा व उपभोग्यता’ हा आहे. वय किंवा इतिहास यांना स्वतंत्र वैधानिक दर्जा नाही. उदाहरणार्थ, डॉर्सेटमधील टॉलपडल येथे ज्या सिकॅमोर वृक्षाखाली, मजूर संघटनेच्या शपथेवरून १८३४ मध्ये हद्दपार झालेले शेतमजूर त्याआधी जमत असत, त्याचे वय २००५ च्या मोजणीवरून सुमारे ३२० वर्षे धरण्यात आले. घेरावरून काढलेले हे अनुमान असल्याने ते ढोबळ समजावे. हे झाड नॅशनल ट्रस्ट या वारसा जतन करणाऱ्या संस्थेच्या देखरेखीखाली आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारातील जुन्या यू वृक्षांबाबत वरील तरतुदींखेरीज धर्मप्रांताचे नियमही पाळावे लागतात.