पतंग नव्हे, राइस स्विफ्ट

गवताच्या पात्यावर बोटाच्या पेराएवढं तपकिरी काही बसलेलं दिसलं, की ‘पतंग असेल’ म्हणून आपण पुढे जातो. जरा थांबून त्याच्या मिशा बघा. टोकाला गाठ आणि गाठीपुढे मागे वळलेला बारीक आकडा दिसला, तर ते स्किपर फुलपाखरू. मराठीत यांना चपळ म्हणतात आणि ते नाव अगदी शोभतं. अंग जाड, पंख आखूड, उडणं इतकं झपाट्याचं की नजर मागे राहते. ऊन खाताना मागचे पंख आडवे आणि पुढचे अर्धवट उभे, ही गवतावरच्या स्किपरांची खास बैठक.

जात ओळखणं मात्र कठीण. राइस स्विफ्ट या स्किपरला १८६६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी शास्त्रीय नाव दिलं. भारत-श्रीलंकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत ते आढळतं. स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट हुबेहूब त्याच्यासारखं. पण त्याच्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, गंधखवल्यांची तिरकी करडी रेघ असते. राइस स्विफ्टच्या नराला ती नसते. मागच्या पंखाखालचे पांढरे ठिपके सरळ रेषेत असतील, तर ते बहुधा स्ट्रेट स्विफ्ट. म्हणून फोटो एकच काढू नका. मिटलेल्या पंखांचा बाजूनं एक आणि उघड्या पंखांचा वरून एक, असे दोन तरी हवेत.

मला सर्वांत मोह पडतो तो यांच्या खाण्याचा. फुलांतला रस तर ती पितातच, पण पक्ष्याच्या वाळलेल्या विष्ठेवर बसून पोट खाली वाकवतात, स्वतःच्याच शरीरातला थेंब तिच्यावर सोडतात आणि क्षार विरघळले की सोंडेनं तो परत शोषून घेतात. हे पाहायला मिळालं तर हलू नका, बराच वेळ चालतं.

राइस स्विफ्टची अळी भाताची आणि गवताची पानं खाते. पात्याच्या कडा रेशमानं शिवून ती नळी करते आणि आत लपते. अशा घरात विष्ठा साठली, तर वास सुटणार. स्किपरच्या अळ्यांच्या शेपटाशी एक फणी असते. तिच्यामागे रक्ताचा दाब वाढवून त्या विष्ठेची गोळी गलोलीसारखी दूर भिरकावतात. जीवशास्त्रज्ञ मार्था वाइस यांनी एका अमेरिकी स्किपरवर केलेल्या प्रयोगांतून २००३ साली यामागचं कारण पुढे आलं: विष्ठेच्या वासावरून गांधीलमाश्या अळीचं घर शोधून काढतात.